टेकडीवरचा मृत्यू आणि बाबांचा शब्द

४ मार्च १९१२

शाळेतल्या गायनबाई गेल्या.

सकाळी टेकडीवरच्या सपाट दगडावर सापडल्या. बाबांच्या मंडळाची माणसं ध्यानाला डोळे मिटून बसतात, त्याच दगडावर. अंगात मंडळाचा पांढरा झगा. चपला शेजारी नीट जोडीने काढून ठेवलेल्या. अंगावर साधा ओरखडाही नाही म्हणे. माझ्याच वयाच्या होत्या.

दूधवाल्याने दारातून सांगितलं तेव्हा बाबा भिंग घासत होते. हात तिथेच थांबला, चाक मात्र फिरत राहिलं. भिंग तडकलं. बाबा त्याकडे बघत म्हणाले, "माझ्यामुळे."

मला वाटलं, धक्क्याने बोलतायत.

५ मार्च

धक्क्याने नाही. खरंच तसं मानतात.

बाबा दिवसा चष्मे करतात आणि संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष असतात. आई गेल्यावर सुरू झालं हे. आधी फक्त आईशी बोलायचं होतं, मग साऱ्या परलोकाशी. विचारांच्या लहरी, सूक्ष्म देह, मन एकाग्र केलं की दूरच्या माणसावर परिणाम होतो — असलं सगळं. वर बैठक चालायची, मी खाली दुकानात फ्रेमी पुसत असायचे. आई होती तेव्हा तिच्याशी इतकं बोलले असते तर बिचारी खूश झाली असती, असं मनात यायचं.

हिवाळ्यात गायनबाईंनी मंडळ सोडलं. भर बैठकीत म्हणाल्या, "इथे कुणालाच काही ऐकू येत नाही, आणि अध्यक्षांना सगळ्यात कमी." बाबांचा तोल गेला. "आत्मज्योतीकडे पाठ फिरवणाऱ्याला पुढचा उन्हाळा दिसत नाही!" सगळ्यांनी ऐकलं. जिन्यात उभ्या उभ्या मीही ऐकलं. बाई हसत खाली आल्या. मला म्हणाल्या, "वडिलांना गार पाणी दे गं."

आता ते एकच वाक्य घरोघरी पोचलंय.

७ मार्च

डॉक्टर स्वतःहून दुकानात आले. चष्म्याचं निमित्त. म्हणाले, "हृदय थांबलं, एवढं नक्की. का थांबलं ते मला विचारू नका. विष नाही, मार नाही, माणूस गारठून मरावा इतकी थंडीही नव्हती. मी कागदावर 'कारण अज्ञात' लिहिलंय. आयुष्यात पहिल्यांदा."

दुपारी कुणीतरी दुकानाची काच फोडली. गिऱ्हाईक नाही. मंडळातलं कुणी फिरकत नाही. आले ते एकटे पोस्टातले मास्तर. नुसते आले असते तर बरं. बाबांसमोर हात जोडून म्हणाले, "केवढी सिद्धी! आम्हाला कल्पना नव्हती."

बाबांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. मग मोरीत जाऊन ओकले.

९ मार्च

बाबा आजही जेवले नाहीत. नुसतं पाणी.

११ मार्च

बाबा उद्या-परवा पोलीस ठाण्यात जाणार. कबुली द्यायला! "मी तिचा मृत्यू इच्छिला आणि तो झाला" — असं लिहून देणार म्हणतात. मी रडले, भांडले, दाराला कडी लावली. शांतपणे म्हणाले, "बाळ, ते शब्द बोललो त्या क्षणी मला ते खरंच हवं होतं. एक क्षणभर. तेवढं पुरतं."

मीच फौजदारांना गाठलं. भला माणूस आहे. म्हणाले, "शापाला कायद्यात कलम नाही हो. पण माणूस येऊन 'मी मारलं' असं सही करून द्यायला लागला, तर मला त्याला आत घ्यावंच लागेल. वरचे काय करतील, सांगता येत नाही. लोक तर खवळलेलेच आहेत."

या अशक्तपणात कोठडी! चार दिवस काढायचे नाहीत ते.

मी समजावून उपयोग नाही. मी मुलगी. मी असंच बोलणार, हे त्यांना ठाऊक आहे.

१२ मार्च

आज जे केलं ते करायला छाती लागली. बेकरीवाल्या काकूंकडे गेले. गायनबाईंची आई.

लेक जाऊन जेमतेम आठवडा झालाय, आणि काकू भट्टीपुढे उभ्या. मी गेल्यावर दुकानातल्या बायका गप्प झाल्या आणि एकेक करून निघून गेल्या. मी ठरवून आणलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "बाबा कबुली द्यायला निघालेत. त्यांना वाटतं, त्यांच्या शब्दाने झालं. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

काकू पीठ मळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी पोर गेली, आणि मी त्यांची समजूत काढू?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तेच तर मागायला गेले होते.

"घरी जा," म्हणाल्या.

रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या. लाज कशी नाही वाटली मला?

१३ मार्च

आल्या!

बाबा कोट घालून जिन्यात बसले होते, ठाण्यात निघायला. बुटाची नाडी बांधायचंही त्राण नव्हतं, म्हणून मी मुद्दाम बांधत नव्हते. तेवढ्यात काकू आत आल्या. कोपरापर्यंत पीठ. बाबा धडपडत उठले. काकूंनी त्यांना खांद्याला धरून परत बसवलं आणि स्वतः खालच्या पायरीवर बसल्या.

"अध्यक्ष, तुमच्या बोलण्याने माणूस मरतो म्हणे."

बाबांनी मान हलवली.

"मग उलटंही होत असेल. आणा तिला परत. मी थांबते इथे."

काकू खरंच थांबल्या. मला ते बघवेना, पण हलताही येईना.

"नाही ना जमत?" काकूंचा आवाज उतरला. "मग ऐका. आमच्या घरात हे आहेच. तिचे वडील असेच गेले. उभ्या उभ्या. तिचा मामाही तसाच. पोरीलाही लहानपणापासून छातीत धडधड व्हायची, चढण चढू नको म्हणून मी सारखी बजावायचे. ऐकेल ती पोर कसली."

"मग तो झगा? ती तिथे का गेली?" बाबांनी विचारलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज माणसासारखा वाटला.

"ते मला माहीत नाही. तिचं तिला माहीत. प्रत्येक गोष्ट कुठे कळते आपल्याला?" मग म्हणाल्या, "तुम्ही तिला वाईट बोललात. त्याची माफी मागा. मेलेल्या माणसाचा खून काय कबूल करताय?"

बाबांनी माफी मागितली. मग रडले. आई गेली तेव्हाही असे रडले नव्हते.

१४ मार्च

दूध आणि पाव. अर्धा पाव! वर "मीठ कमी आहे" अशी तक्रारही केली. इतकी गोड तक्रार मी कधी ऐकली नव्हती.

१९ मार्च

बाबांनी मंडळाची पाटी स्वतः उतरवली. पोस्टातले मास्तर बघायला आले होते. "सिद्धी अशी सोडू नये," म्हणाले. बाबा म्हणाले, "मास्तर, तुमचा नंबर वाढलाय. बसा, डोळे तपासतो." आणि खरंच तपासले.

२८ मार्च

नवी काच बसली. गिऱ्हाईकं येऊ लागलीत, आधी बिचकत, मग सवयीने. काकू उघडपणे आमच्या दुकानात येतात, हे लोकांनी पाहिलं ना! बाबा त्यांच्यासाठी चष्मा करतायत. भट्टीजवळ वाफ धरणार नाही अशी भिंगं कशी करावी, यावर डोकं चालवतायत. जेवताना तोच विषय. मी कंटाळा आल्याचं नाटक करते.

६ एप्रिल

ऊन आता चांगलंच तापतं. बाबा शिट्टी वाजवत होते. माझ्या लक्षात आलं हे त्यांच्या लक्षात आल्यावर थांबले. मग पुन्हा वाजवू लागले.

११ एप्रिल

चष्मा द्यायला मी बेकरीत गेले. काकूंनी लावून बघितला, पाव निरखले, हसल्या. मी म्हटलं, तुम्हीही छातीची काळजी घ्या, घराण्यातच आहे तर एकदा डॉक्टरांना दाखवा.

"घराण्यात काही नाही," त्या म्हणाल्या. "तिचे वडील दरड कोसळून गेले, आम्ही या गावात येण्याआधीच. तिला मामा नव्हताच. पोरीची छाती भात्यासारखी होती, एका दमात टेकडी चढायची."

मी विचारलं, "मग त्या कशाने—"

"मला काय माहीत? रोज भट्टीपुढे हेच विचारते मी." चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. "पण एक जीव गेलाच होता. दुसरा डोळ्यांदेखत कशाला जाऊ देऊ? वडिलांना सांगू नकोस."

नाही सांगणार.