चपळा गाडीला सरकारी धक्का

वडूज, गुरुवार

मुक्काम कुंडल, सुभेदार लालासाहेब यांस वडूजहून हवालदार नानासोचा दोन्ही टाचा जुळवून सॅल्यूट. (पायात चपला असल्यामुळे आवाज आला नाही, तो आला असं धरावं.) तुमचा गुडघा काय म्हणतो? राहीबाई वहिनींचं बीपी तुम्ही घराबाहेर असताना उतरतं म्हणे, तेव्हा रोज थोडं बाहेर जात जावं. आमच्याकडे मेंढरं चाळीस, माणसं तीन आणि गाडी एक, सगळी खुशाल. पत्राला कारण गाडीच.

फोन केला असता, पण मागच्या वेळी "नान्या, बुडत्या गाडीकंपनीला सरकारनं का म्हणून वाचवायचं रं?" असं ओरडून तुम्ही फोन आपटलात. पत्र आपटलं तरी पुन्हा उचलून वाचता येतं. तुमचं म्हणणं, ज्याला धंदा जमत नाही त्याने शटर ओढावं, जनतेच्या पैशातून त्याला सलाईन कशाला? बोलायला झकास आहे! पण साहेब, तुमच्या उसाचा किमान भाव कोण ठरवतं? सरकारच ना? तो हक्क, आणि गाडीवाल्याने हात पुढे केला की ती भीक? आमच्या मेंढीच्या लोकरीचा भाव ठरवायला आजवर एकही मंत्री फिरकला नाही. (फिरकला तर त्याला घोंगडं देऊ, निदान टोचतं किती ते तरी कळेल.) आणि चपळा मोटर्स म्हणजे काय परकी कंपनी आहे का? सातारच्या बाजूची, विजेवर चालणारी छोटी गाडी काढणारी, चारशे पोरं कामाला. आपलं पोरगं मल्हार चार वर्षं तिथे ब्रेक बसवतं. गाडी सुरू व्हायला कुरकुरते हे मी मान्य करतो, पण थांबते अशी की बघत राहावं. अख्ख्या खटाव तालुक्यात ही गाडी घेणारा मी एकटा, त्यामुळे कंपनीला मदत द्यावी की नाही हे ठरवणारी सरकारी समिती जेव्हा "एक समाधानी ग्राहक दाखवा" म्हणाली, तेव्हा कंपनीला दुसरं नावच सुचेना.

मंगळवारी सकाळी दहाला समिती येणार. साहेब, पोराची नोकरी आपल्या स्टिअरिंगवर आहे म्हटल्यावर माणूस काय करेल? मी पलटणीच्या वर्कशॉपात जे बावीस वर्षं केलं तेच केलं. तपासणी म्हटली की गाडी उघडी! बॉनेट उघडं, डिकी उघडी, चारी दारं उघडी, आणि चार्जिंगच्या भोकावरचं झाकणसुद्धा उघडं, म्हणजे येणाऱ्या साहेबाला वाकायला नको. ही आपली शिस्त. इकडे आमच्या घरधनीण बयाबाईने आपल्या शिस्तीप्रमाणे बिरोबाचा भंडारा काढला. एवढ्या मोठ्या कामाला देवाला विसरायचं कसं? भावकीतली पंचवीस-तीस माणसं जमली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" झालं आणि प्रत्येकाने गाडीवर मूठभर भंडारा उधळला. (चुलतभाऊ वीरधवलने दोन मुठी. तो मतदानालाही असाच उत्साही असतो.) दोन्ही शिस्ती आपापल्या जागी बरोबर होत्या, फक्त त्या एकाच गाडीवर एकाच वेळी झाल्या. पांढरी गाडी हळदीच्या नवरीसारखी पिवळीधमक झाली. मला तर ती इतकी देखणी वाटली की मी फोटो काढत बसलो आणि ते झाकण लावायचं राहून गेलं.

समिती आली. प्रमुख शिवांजली मॅडम, वयाने आपल्या लेकीएवढ्या, आणि सोबत कंपनीचे मॅनेजर राजवर्धन, टायला गाठ मारलेली आणि कपाळालाही. मॅडम म्हणाल्या, आधी चार्जिंग दाखवा. मी ऐटीत पिन खुपसली. ती अर्ध्यात अडकली. आत भंडारा ठासून भरलाय हे मला काय ठाऊक? मी जोर लावला, फाटकन आवाज आला, पिवळा धूर निघाला आणि आळीतली वीज गेली. वीरधवल लांबूनच ओरडला, "चांगभलं!" राजवर्धननी खिशातून गोळी काढून पाण्याशिवाय गिळली.

तरी मी हरलो नाही. बॅटरीत होतं तेवढ्यावर मॅडमना मागे बयाबाईशेजारी आणि मॅनेजरना पुढे बसवून गाडी काढली. काय पळाली हो! दोन किलोमीटर मला वाटलं मी सरकारला घेऊन उडतोय. मग चढ आला, आणि चपळा थांबली. (ब्रेक न लावता, म्हणजे त्यात मल्हारचा दोष नाही.) रस्त्याने मेंढरं चालली होती. दोघे मेंढपाळ धक्का द्यायला आले, राजवर्धन उतरले, आणि शेवटी मॅडमही पदर खोचून लागल्या. सरकारने कंपनीला धक्का द्यावा की नाही यावर समिती बसली होती, आणि मी तिला प्रत्यक्ष धक्का देताना पाहिलं! माझ्या अंगावर काटा आला.

चढ संपल्यावर मॅडमनी दम खात बयाबाईला विचारलं, तुम्हाला काय वाटतं मावशी, द्यावी का मदत? मी आठवडाभर तिच्याकडून उत्तर घोकून घेतलं होतं. ती घोकलेलं सगळं विसरली आणि म्हणाली, "आवं बाई, पांगळं कोकरू आमी काखंत घेतो. पर वाढलेला एडका कोन काखंत घेतंय? त्येला चालाया येत न्हाई तर त्येचं त्यो बघंल." मी मनात म्हटलं, संपलं. बाईने स्वतःच्या पोराच्या नोकरीवर वरवंटा फिरवला. पण ती थांबली नव्हती. "कंपनी म्हंजे एडका. कोकरं ती पोरं हायती. त्यास्नी काखंत घ्या, लय पुण्य लागंल." मॅडमनी वही काढून ते शब्द लिहून घेतले. साहेब, तीस वर्षं मी या बाईला गप्प बस म्हणत आलो, त्याची मला भर रस्त्यात लाज वाटली.

तेव्हा मदत मंजूर झालीच समजा! मी गावात सांगूनही टाकलंय. तुमचं मत बदललं असेल तर कळवा, नसेल बदललं तर वहिनींना कळवायला सांगा. गाडी साबणाने धुतली, आता लिंबाच्या रंगावर आली आहे.

तुमचा हुकूम कधीही न मोडणारा (मोडला तो कळू न दिलेला),
नानासो

ता. क. १. वरचं पत्र गुरुवारचं. शनिवारी कंपनीच्या फाटकावर नोटीस लागली, मदत नामंजूर. तुम्ही म्हणालात तसंच झालं, खूश व्हा. काल मल्हारला हे पत्र टेबलावर सापडलं. नोटिशीपासून धड जेवला नव्हता तो. वाचत वाचत भंडाऱ्यापर्यंत आला आणि डोळ्यात पाणी येईपर्यंत हसला. म्हणून वरचं काही खोडलं नाही.

ता. क. २. हे मी वडूजच्या पोस्टात उभ्या उभ्या लिहितोय, मल्हारला ठाऊक नाही. इस्लामपुरात तुमच्या पुतण्याचं, जयराजचं, उसाच्या ट्रॉल्या बांधायचं वर्कशॉप आहे. तिथे एक शब्द टाका. पगाराचं काही विचारत नाही. पोरगं अजून सकाळी सहाला उठून डबा भरून घेतं आणि दारातच बसून राहतं, ते मला बघवत नाही.

ता. क. ३. मदत म्हटलं की तो येणार नाही. जयराजचीच अडचण आहे, हाताखाली चांगला माणूस मिळत नाही, असं तुम्हीच त्याला फोनवर सांगा. आणि या वेळी फोन आपटू नका.