शिट्टीची चावी

मिलान, ३ डिसेंबर १९५३

ती. बाबांस,
नमस्कार वि. वि. साष्टांग या खेपेला वगळला आहे.

संगीत विद्यालय अर्धवट सोडलं म्हणून तुम्ही मला शिव्या घालता, त्या खुशाल घाला. हे पत्र देलिया नावाच्या गायिकेबद्दल आहे. सव्वीस तारखेला आपल्या पार्मात हंगामाचा पहिला ऑपेरा. त्यात ती ड्यूकच्या मुलीची भूमिका गाणार आहे. बंडखोर भावाला माफ करा म्हणून बापापुढे पदर पसरते, ती. मी तिच्याशी लग्न करणार आहे. तिला विचारायचं तेवढं राहिलंय.

वरच्या गॅलरीत पहिल्या बाकावर तुम्ही बसता आणि सूर घसरला की घराची पोकळ चावी ओठांना लावून शिट्टी मारता. तुम्ही मारली की सगळी गॅलरी मारते. किती पोरींनी त्यापायी गाशा गुंडाळला, ते तुम्हीच जेवताना मिटक्या मारत सांगता. देलियाला शिट्टी मारलीत तर मी तुमचा मुलगा नाही. हॅमच्या वखारीला दुसरा वारस शोधा.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची तसदी नको.
एर्मेस

पार्मा, ९ डिसेंबर

चि. एर्मेस यास,
आशीर्वाद. नको असले तरी घे.

मी वखारीत डुकराच्या खारवलेल्या मांडीत हाडाची सुई खुपसतो आणि ती नासली का, ते सुईच्या वासावरून ठरवतो. मांडी नासली असेल तर ती कुणाच्या घरची, हे विचारत नाही. तुझा सख्खा मामा गायला उभा राहिला, तेव्हा त्यालाही मी शिट्टी मारली होती. पुढच्याच रविवारी माझ्याकडे जेवायला बसून त्यानं दोनदा वाढून घेतलं. ज्याला गवई मानतो, त्यालाच आम्ही शिट्टी मारतो. बाकीच्यांची आम्हाला कीव येते.

तुझी देलिया सुरात गायली तर घसा बसेपर्यंत ओरडेन. आणि तो ऑपेरा एकदा नीट ऐक. ड्यूक लेकाला माफ करतो, तिथंच त्याची गादी जाते.

तुझी आई असती तर तुझे कान उपटले असते. ते काम आता माझ्याकडे आलंय.
लिचिनियो

मिलान, २८ डिसेंबर

बाबा,
मायना लिहायची इच्छा नाही.

तिसऱ्या अंकात देलियाचा आवाज फाटला. मी खाली फुलं घेऊन बसलो होतो, मान वर करून पाहिलं. सगळी गॅलरी तुमच्याकडे बघत होती. तुम्ही खिशातून चावी काढलीत, हातात धरलीत आणि परत खिशात टाकलीत. कुणी शिट्टी मारली नाही. टाळीही वाजली नाही.

नंतर ती मला म्हणाली की शिट्ट्या तिनं पचवल्या असत्या, पण आजाऱ्याच्या खोलीत वागावं तसे सगळे तिच्याशी वागले. बापाला काय सांगून ठेवलं होतंस, असं तिनं विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, सगळं सांगून टाकलं. फुलं माझ्याच हातात ठेवून ती तोरिनोच्या गाडीत बसली. लग्नाचं विचारायचं राहिलंच.

उभ्या जन्मात तुम्ही माझं एकदाच ऐकलंत, आणि तेही नेमकं यात.

लोभाचा विषय संपला.
एर्मेस

पार्मा, २ जानेवारी १९५४

चि. एर्मेस यास,
आशीर्वाद, रागासकट.

गॅलरीत माझ्या शेजारी बसणारा न्हावी तुल्लियो घरी येऊन गेला. माझ्या कानावर गॅलरीचा भरवसा उरला नाही, असं टोपी न काढता सांगून गेला. चाळीस वर्षांची ती जागा आता त्याची. बरोबर केलं त्यांनी. वास आला होता, तरी मी मांडी चांगली आहे म्हणालो. तुझी पोरगी खरी गवई निघाली, तिला ते कळलं. तिला तोरिनोला पत्र लिही. माफी मागताना माझं नाव घाल, तुझं अक्षर नीट काढ.

सोबत चावी पाठवतो आहे. गॅलरीत आता तिचं काही काम नाही; दार मात्र अजून तिनंच उघडतं. दुसरी माझ्याकडे नाही. तेव्हा तू येईपर्यंत घर उघडं टाकूनच मला वखारीत जावं लागेल. चोरी झाली तर ती तुझ्यामुळे.
लिचिनियो