पेपरातला सोनार आणि आमचे हे

२ मार्च, रविवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सूनबाई लिहिणार. मला अक्षरओळख नसली तरी तोंड आहे. वही माझी एकटीची, दुसऱ्या कुणी वाचायची नाही. सूनबाई म्हणाली, मग आई, मी डोळे मिटून लिहू का? हे लिहू नकोस म्हटलं. लिहिलंच.

कारण असं. मेंदूच्या डॉक्टरने रविवारच्या पुरवणीत आमच्या ह्यांच्यावर लेख लिहिला. स्ट्रोक आल्यापासून ह्यांच्या लेखी डावी बाजूच उरली नाही. डोळे ठणठणीत. मेंदूच तिकडे बघायचं विसरला. ताटातलं उजवं अर्धं जेवतात आणि भाजी का वाढली नाही म्हणून माझ्यावर ओरडतात. ताट फिरवलं की भाजी हजर! दाढी एकाच गालाची. आता हे घरातलं घरात. ते पेपरात छापायचं? पेशंट म्हणजे काय लोकांची करमणूक?

लेखात हे सोनार आहेत (आम्ही शिंपी), गावही भलतंच. पण ताट फिरवणारी बायको कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. तिच्याबद्दल लिहिलंय, प्रेमळ पण अखंड बोलणारी. अखंड! माझा राग त्यासाठी नाही. राग ह्यांच्या अब्रूसाठी आहे. हे नीट लिही.

ह्यांना लेखाचा पत्ता नाही. कळलं तर खचतील. म्हणून संकल्प: कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही.

२ मार्च. दुपार.

इस्त्रीवालीला सांगितलं. भाग होतं, ती पेपर घेते. लेख वाचला होता म्हणे, पण तिला वाटलं, असेल कुणी लांबचा सोनार. म्हटलं, अगं सोनार कसला, आमचे हे! शपथ घातली आहे.

४ मार्च, मंगळवार.

लोकांच्या पोटात काही राहत नाही. वाण्याला माहीत, चष्मेवाल्याला माहीत. वाण्याला मी अर्धंच सांगितलं होतं, उरलेलं त्याने कुठून आणलं?

उद्या डॉक्टरची बिनपाण्याने करणार. वाक्य पाठ आहे: माणसाचं दुखणं म्हणजे तुमच्या पेनातली शाई नव्हे. सूनबाई म्हणाली, छान आहे. मला माहीत आहे.

शिवाय त्याला ताटाची गोष्ट कुणी सांगितली, याचाही छडा लावायचाय. मुलावर संशय आहे. सूनबाई म्हणाली, क्लिनिकमध्ये तुमच्याबरोबर मी होते, आणि मला तिथे बोलायला जागाच मिळाली नाही. तिचा स्वभावच खोचक.

५ मार्च. संध्याकाळ.

गेले. डॉक्टरने खुर्ची दिली, पाणी दिलं, विचारलं, कसे आहेत ते? विचारल्यावर सांगायला नको? सांगितलं. परवा ह्यांनी हट्टाने ब्लाउज शिवला. उजवी बाही अशी की दृष्ट लागावी, डावी नाहीच. गिऱ्हाईक म्हणालं, उरलेला हप्त्याने देणार का? डॉक्टर हसला, मग हसणं आवरून ऐकत बसला. घरात माझं इतकं कोण ऐकतं?

पाठ केलेलं वाक्य जिना उतरताना आठवलं. परत वर कोण चढणार, गुडघे आहेत का माझे?

बाहीचं त्याने छापलं तर तो चोर, हे आजच लिहून ठेवते.

७ मार्च, शुक्रवार.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. दुकानात दोन बाया आल्या. शिवायचं काही नव्हतं. एकीने टेप उचलून ह्यांच्या डाव्या हाताशी ठेवली आणि म्हणाली, काका, जरा माप घ्या. हे टेप शोधतायत. उजवीकडे, खणात, गळ्यात चाचपून बघतायत. दुसरी तोंडाला पदर लावून हसतेय. मी कात्री घेऊन उठले. मुलाने धरलं म्हणून, नाहीतर दोघींच्या वेण्या आज दुकानातच राहिल्या असत्या. ओरडले, माणूस आहे तो, सर्कस नाही! पळाल्या.

हे हळूच म्हणाले, ह्या बायांना कसं कळलं?

बिचाऱ्यांना काय विचारावं ते सुचत नाही. म्हटलं, डॉक्टर! दुसरं कोण!

९ मार्च, रविवार.

आता आरपार. एडिटरला पत्र. एकदा खरं काय ते लोकांसमोर आलं की कुणाची हसायची छाती होणार नाही. तासभर सांगितलं. सोनार नाही, शिंपी. नाव अमुक, दुकान पोस्टाला लागून. अर्धी दाढी लिहिणाऱ्या डॉक्टरला काय कल्पना, आंघोळ घालताना काय होतं, चड्डीचा एकच पाय कसा घातला जातो, परवा आरशापुढे बसून कसे रडले. सगळं घातलं. त्याशिवाय माणसाची अब्रू काय असते ते लोकांना कळणार कसं?

सूनबाई दोनदा थांबली. विचारलं, आई, पत्तासुद्धा? म्हटलं, खऱ्याला कसली भीती.

१६ मार्च, रविवार.

छापलं! अक्षर न अक्षर. वर चौकट.

दुपारी दुकानापुढे घोळका. वाटलं, धीर द्यायला आलेत. एकाने मोबाइल काढला. ह्यांनी मुलाकडून पत्र वाचून घेतलं होतं. उठले, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटला, मागच्या खोलीत जाऊन बसले. मशीनवर कापड घालून ठेवायला सांगितलं.

लोक असे, त्याला मी काय करू?

१८ मार्च, मंगळवार.

डॉक्टर घरी आला. वाक्य तयार होतं. पण तो माझ्याकडे वळलाच नाही. ह्यांच्या उजव्या हाताला स्टूल घेऊन बसला.

कळलं ते असं. लेख छापण्याआधी तो दुकानात येऊन ह्यांना ओळ न ओळ वाचून दाखवून गेला होता. मी भाजी आणायला गेले असताना! नको ते ह्यांनी गाळायला लावलं. सोनार व्हायचं ह्यांनीच ठरवलं. लहानपणापासून हौस होती म्हणे. मला कधी बोलले नाहीत. अटी दोन. नाव येता कामा नये. आणि बायकोला सांगायचं नाही, कारण मग नाव लपवून उपयोग नाही.

डॉक्टर म्हणाला, लेख पुस्तकात जायचा होता. आता नाव सगळ्यांना माहीत झालंय. तुमच्याकडे बोट दाखवून लोक तो वाचणार असतील तर मी काढून टाकतो. हे म्हणाले, राहिला असता तर बरं होतं. कुठेतरी कुणी अर्ध्या ताटावरून बायकोवर ओरडत असेल. तिला कळलं असतं, ताट फिरवायचं. पण काढा.

निघताना डॉक्टर मला म्हणाला, मी नुसतं अखंड बोलणारी लिहिलं होतं. प्रेमळ त्यांनी घालायला लावलं.

पाठ केलेलं वाक्य ह्या जागी बसत नव्हतं.

१९ मार्च, बुधवार.

लेख पुस्तकातून निघाला. मला हवं होतं तेच झालं. सूनबाईला म्हटलं, लिही, मी जिंकले.

लिहिलं. वाचून दाखव म्हटलं. तिने वाचलं.

पुन्हा वाचायला लावलं, तरी जिंकल्यासारखं ऐकू येईना. पोरीला वाचायचं वळणच नाही.