तेलाच्या डब्यांतली सफरचंदं

अष्टमी, रोहा
१९ जानेवारी २०२५

चि. नमिताला अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुझी तब्येत कशी आहे? पेणला थंडी किती? इथे सकाळी कुंडलिकेवरून गार वारा येतो आणि माझे गुडघे धरतात, पण कामं चालू आहेत. चष्म्याच्या दुकानातली नोकरी बरी चाललीय ना? उभं राहून पाय दुखत असतील.

फोन करायचा सोडून पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर मला "जेवलीस का" याच्यापुढे काही सुचत नाही. तूही "हो आई" म्हणतेस आणि मग दोघी गप्प. म्हणून आज सुजय सेकंड शिफ्टला धाटावला गेल्यावर लिहायला बसले. शाळा सुटल्यापासून एवढं कधी लिहिलं नाही. चुका सांभाळून घे.

मुख्य बातमी तुझ्या सफरचंदांची. चारही रोपं जगली आहेत. तेलाच्या डब्यांतच आहेत, मागच्या दारी, पेरूच्या सावलीत. खोड पेन्सिलीएवढं जाड झालंय. मला अजून आठवतं, चतुर्थीच्या उपासाला तू सफरचंद कापलंस आणि आतल्या बीला पांढरा कोंब फुटलेला. मी म्हटलं, नासकं निघालं, टाक. तू टाकलं नाहीस. बाकीच्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्यास, बर्फाच्या मुलखातलं झाड आहे, थंडी लागल्याशिवाय रुजणार नाही म्हणालीस. कणकेच्या डब्यामागे मला ते फडकं मिळालं तेव्हा मी ते केरात टाकायला निघाले होते. तू ओल्या हातांनीच धावत आलीस. तेवढं हसताना मी तुला या घरात पुन्हा पाहिलं नाही.

तर बीच्या झाडाला कसलं फळ येईल सांगता येत नाही, हे तूच सांगायचीस. माझी बहीण नागोठण्याला, तिची मुलगी नूतन तुला माहीत आहे. नूतनच्या नवऱ्यानं गरम हवेत येणारं सफरचंद लावलंय. मागच्या वर्षी त्याला लिंबाएवढी फळं आली. मी एसटीनं गेले आणि त्या झाडाच्या काड्या ओल्या फडक्यात बांधून आणल्या. बसमध्ये शेजारची बाई विचारत होती, कसलं औषध गो? मी व्हय म्हटलं.

लग्नाआधी मी वडलांच्या हाताखाली आंब्याची कलमं बांधायचे. ते पावसातलं काम, हे थंडीतलं, एवढाच फरक. रोपाचा शेंडा उडवला, खोडाला मधोमध चीर दिली, काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासलं आणि आत बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधलं. वरून पेप्सीकोल्याच्या लांब पिशव्या घातल्या. पहिल्याला हात कापला माझा. उरलेली नीट बसली. आता वाट बघायची.

मला मध्ये ताप आला होता तेव्हा पाणी कोण घालत होतं सांगू? सुजय. मी खिडकीतून बघितलं. नंतर विचारलं तर म्हणाला, "सुकली असती." तेवढंच. तुला माहीत आहे तो कसा आहे. तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. महिनोन्महिने ताट पुढे ओढायचं, जेवायचं, उठायचं. तू विचारायचीस, काय चुकलं? तो म्हणायचा, काही नाही.

बाकी विशेष नाही. वाल चांगला आलाय, शेजारच्या पोरांनी मडक्यात शेंगा भरून पोपटी लावली, मला द्रोणभर आणून दिली. घराला रंग काढलाय. पुढची खोली पिस्ता रंगाची केली. पेरूला यंदा कीड आहे.

जपून राहा. रात्री उशिरा एकटी येऊ नकोस.

तुझी,
आई


अष्टमी, रोहा
११ एप्रिल २०२५

चि. नमिता,

तुझं पत्र मिळून खूप दिवस झाले. मी तुला चार पानं लिहिली आणि तू एका ओळीत विचारलंस, "आई, मुलगी कुठली?" घराला रंग कशासाठी काढतात हे तुला कळायचं राहणार होतं थोडंच. मी उगाच पेरूची कीड लिहीत बसले. बोलणी तेव्हाच पक्की झाली होती. लेखणी तिथपर्यंत जायची आणि दुसरीकडे वळायची.

माणगावची आहे. नाव प्रतिक्षा. सुजयचं लग्न झालं. जास्त माणसं बोलावली नाहीत.

कलमांचं सांगते. दोन जगली. दोन वाळली, त्यातलं एक माझा हात कापला तेच. जगलेल्यांना पालवी आली तेव्हा मी शेजारच्या अक्काला ओढत नेऊन दाखवली. ती म्हणाली, रोह्यात कधी सफरचंद होतंय का? मी म्हटलं, नाय झालं तर नाय, झाड तर होईल.

लग्नाच्या आधी सुजय मागच्या दारी आला आणि म्हणाला, "आई, हे डबे काढून टाक."

"का? तुझं काय खातायत?"

"ती विचारेल कुणी लावली. मी काय सांगू?"

"सांग, नमितानं लावली."

तुझं नाव ऐकून तो डब्यांपाशी वाकला. मग एकेक उचलून न्हाणीच्या मागे, भिंतीआड नेऊन ठेवले. टाकले मात्र नाहीत. त्याच्याबद्दल तुला एवढंच चांगलं सांगू शकते.

प्रतिक्षाला ते डबे सापडायचेच होते, कपडे वाळत घालायची जागा तिथेच. तिनं विचारलं, ही कसली रोपं? सफरचंदाची, मी म्हटलं. कुणी लावली, हे तिनं विचारलं नाही. तिला ठाऊक असावं. तांब्या घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी पाणी घालू?"

मी "घाल" म्हटलं. कुणी आई म्हटल्यावर तोंडातून ओ येतेच गो. पण नंतर मी आत येऊन विळीपुढे बसले आणि भाजी चिरताच येईना. तुझ्या मालकीचं काहीतरी मी हातानं उचलून दुसरीला देऊन टाकलं, असं वाटत राहिलं. पोर चांगली आहे. तिच्यावर राग धरावा असं एकही कारण ती देत नाही. सकाळी माझ्या गुडघ्यांना तेल लावते. सुजय तिच्याशीही फारसा बोलत नाही, अजून नवं आहे म्हणून ती हसते.

म्हणून मी ठरवलंय. जगलेली दोन्ही झाडं तुझ्याकडे पाठवते. मिथुनचा भाजीचा टेम्पो पेणच्या बाजारात जातो, तो पुढच्या शनिवारी सकाळी तुझ्या दुकानापाशी डबे उतरवील. पट्टी जोडावर रुतायला लागली तर ब्लेडनं अलगद सोडव. जोडाच्या खालून, मूळ रोपाला कोंब फुटतील. ते दिसले की खुडत जा. मन होणार नाही, हिरवेगार असतात. पण ते वाढू दिले तर वरची काडी उपाशी मरते. दुपारचं ऊन लागू देऊ नकोस. भाड्याची खोली सोडलीस तर डब्यांसकट ने.

आणि मला आता पत्र पाठवू नकोस. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा दारात प्रतिक्षा असते. ती पत्र उघडणार नाही, तशी नाही ती. पण वर तुझं नाव वाचेल, माझ्या हातात देईल आणि दिवसभर काही बोलणार नाही. या घरात न बोलण्यानं काय होतं ते तू भोगलंस. तिला सासू तरी पुरती मिळू दे.

एक राहिलं. तू तुझं सामान न्यायला आलीस त्या दिवशी मी तुला स्टँडपर्यंत पोचवायला निघाले होते. पुलावर मधोमध तू थांबलीस आणि म्हणालीस, "आई, तुम्हीपण चला माझ्याबरोबर. दोन खोल्या आहेत. तुम्ही एकट्या इथे काय करणार?" मी म्हटलं, वेडी आहेस का गो, आणि तुझ्या पिशवीत वालाची पुडी कोंबली. पुलावर गाड्यांचा आवाज होता. तुला वाटलं असेल मी हसले. तू परत विचारलं नाहीस, आणि कुणी विचारणार तरी किती वेळा.

घरी येऊन मी ट्रंक उघडली होती, नमिता. दोन लुगडी बाहेर काढून ठेवली होती. सुजय कामावरून आला, ताट मागितलं, मी वाढलं आणि लुगडी परत आत गेली.

मला यायचं होतं. ते तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र.

सुखी राहा. दुसरं लग्न करावंसं वाटलं तर कर, माझा विचार मनात आणू नकोस.

तुझी,
विमल