एंटर न दाबलेली ओळ

कुकटपल्ली, हैदराबाद
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

आई बरी आहे, गुडघे मात्र ऐकत नाहीत. तू मागितलेली पेटी आज आबिड्सच्या पोस्टातून पाठवते आहे. सोबत हे पत्र, कारण फोनवर मला बोलवणार नाही.

बाबांची वाचा गेल्यावर मी ती पेटी केली. पडदा नाही, नुसता कीबोर्ड आणि स्पीकर. बाबा ओळ टाइप करून एंटर दाबायचे, की पेटी ती वाचायची. सी या संगणकभाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम पूर्ण ओळच घेतो. एंटर येईपर्यंत गप्प वाट बघतो. किती मिरवलं होतं मी ते!

डिसेंबरात बाबांचं बोट तिथवर पोचेना. एकदा पेटी म्हणाली, "एंटर लांब आहे." मी म्हटलं, "रविवारी जवळची कळ देते, बाबा." पाच मिनिटांचं काम. सहा रविवार गेले.

बाबा गेले त्या दुपारी आई औषधं आणायला गेली होती आणि मी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. बाबांना सांभाळणारी त्रिवेणी दारात आली. "दीदी, साब कबसे टिकटिक कर रै, पेटी कुछ बोलतीच नै."

"लिख रहे होंगे, करने दो," म्हणून मी माइक पुन्हा सुरू केला.

टिकटिक थांबली तेव्हा तिनं किंकाळी फोडली. स्ट्रेचरला जागा करायला मी पेटीची वायर उपटली. आधी मीच एंटर दाबलं असतं, तर ती बोलली असती. हे मला लिफ्टमध्ये सुचलं.

स्मशानात तू विचारलंस, शेवटचं काय म्हणाले. चार वर्षं तू आणि बाबा बोलला नव्हतात. तुझा चेहरा बघवेना. "कौस्तुभवर राग नाही म्हणाले," असं मी सांगितलं. दादा, ते खोटं होतं. आता तुला ते वाक्य पेटीच्या आवाजात ऐकायचंय. वाचलेल्या ओळी तिच्यात साठतात, न वाचलेली वायर काढताच पुसली जाते. शेवटची ओळ त्या सकाळची आहे, "पंखा कमी करा."

त्यानंतरची कुणासाठी होती, मला माहीत नाही. तुझ्यासाठी असेल. पंख्याचीच असेल. आता कधीच कळणार नाही. तुझं वाक्य मीच आत घालून पाठवावं असंही मनात आलं होतं. माझीच मला किळस आली.

पेटी लावलीस तर एंटर दाबून बघू नकोस. मी रोज दाबून पाहिलंय. ती काही बोलत नाही.

तुझी म्हणवून घ्यायला न धजणारी,
ऋचा