गारांनंतरची छाटणी

मोलिनोस, २० जानेवारी १९९४

प्रिय एर्मेलिंदाताईस,
अन्सेल्मोचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. शेळीला दोन करडं झाली. आईच्या पायाची सूज उतरली, पण ती माझ्याशी बोलत नाही. दाजींचा हात कसा आहे?

बाबा म्हणायचे, एवढ्या उंचावरच्या उन्हाने द्राक्षाची साल जाड होते, म्हणून आपली वाइन अशी काळपट लाल. आपली माणसंही जाड सालीचीच. त्या दिवसाचं लोकांनी तुला काय काय सांगितलं असेल. आता माझ्याकडून ऐक.

आदल्या दुपारी अंड्याएवढ्या गारा पडल्या. दहा मिनिटांत बाबांच्या वेलींचा चेंदामेंदा झाला. सकाळी मळ्यात गेलो, तर दाजी कात्री घेऊन उरलीसुरली हिरवी फूट खटाखट कापत होते. तीन ओळी साफ बोडक्या! छाटणी हिवाळ्यात करतात, ताई. आपल्याकडे उन्हाळा तोंडावर असताना, नोव्हेंबरात, हिरव्याला कात्री कोण लावतं? आणि कार्निवलला पाण्याच्या पाळीवरून आमचं वाजलं, तेव्हा तेच ओरडले होते ना, 'तुझा मळा मुळापासून कापीन' म्हणून?

"अन्सेल्मो, आधी ऐकून तर घे," ते म्हणाले.

"तुझं काय ऐकायचं रे, हरामखोरा!" जन्मात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं.

पाटाचं फावडं हातात होतंच. पहिला घाव खांद्यावर बसला. ते पडले, पण कात्री सोडली नाही. मग त्या उजव्या हातावर घातला. पोलिसांना मी सांगितलं, झटापटीत एकदाच लागलं. पाद्रीबाबांनाही तेच सांगितलं. खोटं, ताई. हातावर तीनदा घातला. दुसऱ्या घावाला हाड मोडल्याचा आवाज आला, आणि तो ऐकून मी तिसरा घातला. मला बरं वाटलं होतं. बोटं मातीत पडली तेव्हा कुठे थांबलो.

उरलेल्या ओळींना मी कोणाला हात लावू दिला नाही. जे वाचलंय ते वाचू दे, म्हटलं. त्या सगळ्या काळ्या पडल्या, सडायला लागल्या. आणि दाजींनी कापलेल्या तीन ओळींना हातभर फूट आलीय! गारांनंतर असं लगेच कापलं की वेल नव्याने फुटते, हे ते मेंदोसाच्या द्राक्षमळ्यांत कामाला होते तेव्हा शिकले असणार. माझ्याशी बोलणं नव्हतं, तरी भल्या सकाळी न बोलावता आले. त्या ओळींत बसून मी हंबरडा फोडला.

फेब्रुवारीत कोर्टाची तारीख आहे. तिथे सगळे घाव सांगणार आहे. तुरुंगात जावं लागलं तर जाईन.

उरलेल्या वेली बुडाशी अजून हिरव्या आहेत. कुठे कापायचं ते मला कळत नाही. दाजींनी यावं. नुसतं बोट दाखवावं, असं लिहिलं होतं, ते खोडलं. तोंडाने सांगावं, मी कापीन. ते फावडं फाटकाला टेकवून ठेवलंय, धुतलेलं नाही. आल्या आल्या त्यांनी आधी ते उचललं, तरी मी उजवा हात पुढे करीन.

उत्तर दिलं नाहीस तरी वाट बघणारा,
तुझ्या नवऱ्याचा हात तोडणारा तुझाच भाऊ,
अन्सेल्मो