न दिसणारा रकाना

१६ नोव्हेंबर, रविवार

लाज गेली आज! चर्चच्या साइटवरच्या फॉर्ममधून प्रार्थनेसाठी आलेली नावं मी न वाचताच छापली आणि फादर वालेरच्या हातात दिली. प्रार्थनेत ते वाचत गेले — ‘तोदेर, डोम्निका, अनिका, मोफत कॅसिनो...’ पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण करून ‘प्रभो, दया कर’ म्हटलंसुद्धा.

नंतर फादर म्हणाले, “गाव्रिला, सगळ्या रोमानियात जुगारअड्ड्यासाठी प्रार्थना करणारं हे एकच चर्च! काहीतरी बंदोबस्त कर बाबा.”

फॉर्म साधाच आहे. जिवंतांची नावं, दिवंगतांची नावं, खाली फादरना निरोप. तीन गावं सांभाळताना फोनवरचं विसरायला होतं, म्हणून ‘सगळं साइटवर लिहा’ असं त्यांनीच बजावलंय. पण आता माणसं कमी आणि स्पॅम जास्त.

१८ नोव्हेंबर

चित्रांचं कोडं लावणार होतो — सिग्नल असलेले चौकोन निवडा वगैरे. पराश्किवा हसली. “आपल्या खोऱ्यात सिग्नल पाहिलाय कुणी? बायका गाई शोधत बसतील!” बायको बोलते ते खरं असतं.

म्हणून दुसरी युक्ती केली. एक जादा रकाना घातला, पानावर न दिसणारा. माणसाला दिसत नाही, म्हणून तो रिकामा राहतो. स्पॅम पाठवणारी यंत्रं मात्र हावरट, जे सापडेल ते भरतात. तो रकाना भरला की निरोप थेट कचऱ्यात. लबाडाला संशय येऊ नये म्हणून त्यालाही उत्तर जातं — ‘धन्यवाद, आपला निरोप मिळाला.’

रकान्याला मी प्रश्न दिला — ‘तू कोण आहेस?’ जो उत्तर देईल तो माणूस नव्हे! मी आठवी शिकलेला, गावच्या शाळेतला. पण हे सुचलं तेव्हा स्वतःवरच खूश झालो.

१९ नोव्हेंबर

एकही स्पॅम नाही. देवाची कृपा.

२३ नोव्हेंबर, रविवार

यादी स्वच्छ. फादर खूश. पण वरच्या वस्तीवरची डोम्निकामावशी यादीत नाही. तिचा शनिवार कधी चुकत नाही — स्वतःचं नाव आणि भाऊ तोदेरचं. दोघांनी लग्न केलं नाही, वर दोघंच राहतात. मावशी जन्मांध. इटलीतल्या भाचीने तिला बोलका फोन पाठवलाय, तो पानावरचं सगळं वाचून दाखवतो आणि ती बोलून उत्तरं लिहिते.

“बर्फ पडलंय. नेट नसेल,” फादर म्हणाले.

२७ नोव्हेंबर

कचरा फुगतोय. उघडत नाही. नाताळच्या उपासाच्या दिवसांत ती घाण कशाला बघायची?

दुपारी मावशीचा फोन आला. वरून आवाज नेहमीच तुटतो, लिहिलेलं तेवढं हळूहळू उतरतं.

“गाव्रिला, तूच ना रे? माझं... मिळालं ना...”

“हो मावशी! सगळं मिळतंय!” नेट आलं असेल, रविवारी नाव दिसेलच, असं धरून बोलून गेलो.

“मग फादर कधी—”

तुटला. नाताळाआधी फादर घरोघरी आशीर्वादाला जातात, त्याचं विचारत असावी. पुन्हा लावला, लागला नाही.

३० नोव्हेंबर, संत आंद्रेईचा दिवस

आजही तिचं नाव नाही. जीव उगाच खालीवर होतोय. पराश्किवाने अंगणातून वर पाहिलं. “धूर निघतोय की! उगाच काय घोर लावून घेतोस?”

धूर आहे म्हणजे माणूस आहे. तरी आज स्तोत्र म्हणताना दोनदा ओळ चुकली.

५ डिसेंबर

चष्मा फुटला. फॉर्मवर उद्याच्या उपासनेची वेळ घालायची होती, ती आली का ते दिसेना. पराश्किवा म्हणाली, “फोनलाच वाचायला सांग ना, मावशीसारखं!”

डोळे मिटून ऐकत बसलो. फोनमधली बाई शांतपणे वाचत गेली. नाव. जिवंत. दिवंगत. फादरना निरोप.

तू कोण आहेस?

दिसत नाही ते फक्त बघणाऱ्याला! मावशीने तर उत्तरही दिलं असणार.

कचरा उघडतोय. पराश्किवा शेजारी बसून वाचते आहे.

६ डिसेंबर

फादर बूट चढवताहेत. उजाडताच वर निघतोय.

पहिला निरोप बावीस तारखेचा. ‘तोदेरला धाप लागते. डॉक्टर नको म्हणतो. त्याला पापांची कबुली द्यायची आहे. फादर, लवकर या.’ न दिसणाऱ्या रकान्यात — ‘तोदेरची बहीण.’

नंतरचा. ‘तुम्ही धन्यवाद म्हणता. गाव्रिलाही म्हणतो मिळालं. मग येत का नाही? तो दाराकडे कान लावून आहे.’ रकान्यात — ‘तोदेरची बहीण.’

शेवटचा कालचा. जिवंत — डोम्निका. दिवंगत — तोदेर. निरोप नाही.

तू कोण आहेस?

‘कुणाची नाही.’